गिलाफातली कादंबरी

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि मला माझी लाज वाटते. माझा पाठीचा पुठ्ठा निघालाय. पहिली आठ पानं कसरीने खाल्ली, त्यामुळे माझं नाव काय होतं तेही आता कोणाला सांगता यायचं नाही. बरंच झालं म्हणा! दुसऱ्या वस्तू आपलं आयुष्य सांगायला बसल्या की कशा छाती पुढे काढून सांगतात. मला ते जमणार नाही. जे घडलं ते सांगते, आणि तुम्ही मला जे म्हणायचं ते म्हणा.

कोलकात्याच्या एका बोळात, तळमजल्यावरच्या छापखान्यात माझा जन्म झाला. एक चष्मेवाला जुळारी शिशाची अक्षरं एकेक करून माझ्या ओळी लावायचा आणि लावता लावता वाचायचा. मधेच थांबून शेजारच्याला म्हणायचा, "बघ रे, या मास्तराने आपल्या गावाचं बिंग फोडलंय." मला लिहिणारा एक खेड्यातला शाळामास्तर होता. देवाचं नाव पुढे करून गावात लोकांना गप्प कसं बसवतात, याची गोष्ट त्याने माझ्यात लिहिली होती. शेवटी एक बाई भर सभेत उभी राहते आणि खरं बोलते, तिथे मी संपते. खळ लावून, दोऱ्याने शिवून, निळा पुठ्ठा चढवून मला बाहेर काढलं तेव्हा मला वाटलं, आता कोणाची बिशाद आहे खोटं बोलायची! नवा पुठ्ठा असला की असंच वाटतं.

आगबोटीच्या धक्क्यावरच्या एका टपरीवरून मला एका पोस्टमास्तरांनी आपल्या मुलीसाठी विकत घेतलं. मुलीचं नाव मोमेना. आठवीपर्यंत शिकलेली, गोड गळ्याची, जरा भित्री. तिने मला तीनदा वाचलं. लग्न झालं तेव्हा साड्यांच्या तळाशी मला ट्रंकेत घालून ती शिमुलकांदीला सासरी आली. नवरा काशेम दूर नारायणगंजला तागाच्या कारखान्यात कामाला होता, वर्षातून दोनदा यायचा. घरात उरले ती आणि तिचे सासरे, तोराब मियां.

तोराब मियांना गावात मातब्बर म्हणत. गावचा न्यायनिवाडा त्यांच्या अंगणात व्हायचा. पाच वेळची नमाज कधी चुकली नाही. रमजानात दारावर आलेला भिकारी उपाशी परत गेला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुम्ही म्हणाल की माणूस मुळातच नीच असेल. तसं असतं तर माझी गोष्ट सोपी झाली असती.

एका दुपारी त्यांनी मला मोमेनाच्या हातात पाहिलं.

"सूनबाई, हे काय?"

"पुस्तक, आब्बा."

"ते दिसतंय मला. कसलं?"

"कादंबरी."

"नॉव्हेल! घरात एक किताब आहे, तेवढी पुरत नाही का तुला?"

"पुरते, आब्बा."

खोटं नव्हतं ते. त्या घरात पवित्र कुराण सुरात वाचणारी एकटी मोमेनाच होती. रोज पहाटे वजू करून, म्हणजे हात, तोंड, पाय धुऊन, ती किताब उघडायची. किताबेसाठी हिरव्या कापडाचा, पांढऱ्या फुलांचा गिलाफ तिनेच शिवला होता, आणि त्याची नाडी ती दुहेरी गाठ मारून बांधायची. किताब उंच फळीवर राहायची. मला मात्र तोराब मियांनी उचललं आणि माळ्यावर, कांद्यांच्या टोपलीमागे टाकून दिलं. मी तिथे पडून फणफणत होते.

त्याच अंगणात दक्षिणेला दुसरं घर होतं. तोराब मियांचा धाकटा भाऊ हासमत, त्याची बायको आंबिया आणि सात वर्षांची मुलगी मोयना तिथे राहायची. हासमत तागाची नाव घेऊन महिनेच्या महिने नदीवर असायचा. आंबियाला अक्षरओळख नव्हती, पण जीभ! थोरल्या दिरापुढे डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायची आणि पदराआडून म्हणायची, "मियाभाई, तुमच्या झाडाची सुपारी माझ्या अंगणात पडली तर ती तुमची. आणि माझ्या झाडाची तुमच्या अंगणात पडली, तीही तुमचीच! अल्लाने वारा तुमच्याच बाजूने सोडलाय." मातब्बर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. ती सुपारीची बाग आणि तिच्याजवळचं तळं हासमतच्या वाट्याचं होतं. तोराब मियांची नजर रोज त्या झाडांवरून फिरायची. माळ्याच्या फटीतून मला ते दिसायचं.

माघ महिन्यात हासमत ताप घेऊनच नावेतून उतरला. आठव्या दिवशी आंबियाच्या मांडीवर त्याने प्राण सोडला. सगळं गाव हळहळलं. मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस झाला, लोक जेवून उठले, आणि तोराब मियांनी चार माणसांसमोर खाकरून तोंड उघडलं.

"एक गोष्ट मी घराच्या अब्रूसाठी पोटात ठेवली होती. हासमतने आश्विनातच हिला तलाक दिला होता. माझ्या ओसरीवर, तीनदा. मग तो नावेवर गेला. मला वाटलं, परत आला की समजूत घालीन. पण अल्लाची मर्जी."

मित्रांनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. तलाक झाला असेल तर आंबिया हासमतची विधवाच नव्हे. घर नाही, बाग नाही, तळं नाही. मोयना बापाच्या रक्ताची, म्हणून ती राहणार काकाच्या घरात. आणि आजारी नवऱ्याची सेवा करायला आंबिया त्या खोलीत राहिली होती ते आठ दिवस? परक्या पुरुषाच्या घरात राहिलेल्या बाईला गाव काय म्हणतं ते मी माझ्या तोंडाने सांगणार नाही.

आंबिया चटईच्या पडद्यामागे उभी होती. आधी ती हसली. तिला खरंच थट्टा वाटली. मग कोणीच हसेना, तेव्हा तिचा आवाज चढला. "साक्षीदार कोण?"

"अल्ला आणि मी," तोराब मियां म्हणाले.

मशिदीत नमाज पढवणारे मोंशी कोरबान अली दाढी कुरवाळत बसले होते. माणूस भला, पण मातब्बरांच्या घरचा भात खाल्लेला. ते म्हणाले, "साक्षीदार दुसरा नाही म्हटल्यावर आता काय करायचं?"

"काय करायचं ते मी सांगते," आंबिया म्हणाली. "मियाभाईंनी किताबेवर हात ठेवावा आणि हेच बोलावं. त्यांनी हात ठेवून म्हटलं तर मी एक शब्द बोलायची नाही, उठून चालायला लागेन. जिभेने बोलेल माणूस काहीही, पण किताबेवर हात ठेवून नाही बोलायचा. पाच वेळचे नमाजी आहेत ते."

शुक्रवार ठरला. दुपारच्या नमाजनंतर.

शुक्रवारी सकाळी बायका तळ्यावर गेल्या होत्या. तोराब मियां घरात आले. आधी त्यांनी वजू केला. मग फळीवरून किताब उतरवली, गिलाफाची नाडी सोडली, किताब डोळ्यांना लावली, ओठांना लावली. आपली ठेवणीतली शाल काढली, तिच्यात किताब हळुवार गुंडाळली आणि वरच्या फळीवर, आणखी उंच ठेवली. तिचा यात काही अपमान होऊ नये याची किती काळजी! मग शिडी लावून ते माळ्यावर आले. मला उचललं, माझ्यावरची कांद्याची सालं झटकली आणि मला त्या हिरव्या गिलाफात घातलं. जाडी तेवढीच, लांबीरुंदी तेवढीच. नाडी आवळताना ते पुटपुटले, "तोबा, तोबा. नॉव्हेलवर हात ठेवण्यात गुन्हा कसला?"

बघा म्हणजे! माणूस अल्लाला भीत होता. फक्त अल्लाला गिलाफाच्या आतलंही दिसतं हे त्या सकाळी विसरला होता.

आणि आता माझ्या लाजेची गोष्ट सांगते. मी घाबरायला हवं होतं. माझ्या दोनशे चाळीस पानांत हेच लिहिलं होतं. पण गिलाफाला अत्तराचा वास होता. मोंशींनी मला डोक्यावर घेतलं. अंगणात साठसत्तर माणसं बसली होती, ती सगळी मला पाहून उभी राहिली. बायकांच्या बाजूने मला फिरवलं तेव्हा एकेकीने ओठ टेकले. एका आईने आपल्या तापलेल्या बाळाचं कपाळ मला लावलं. माळ्यावर कांद्याच्या टोपलीमागे सहा महिने काढलेली मी! मला आवडलं ते. हो, आवडलं. क्षणभर मला वाटून गेलं की हा मान माझाच आहे.

शेवटी आंबिया आली. तिने मला दोन्ही हातांत घेतलं, डोळ्यांना लावलं. तिच्या पापण्या ओल्या होत्या, ते गिलाफातून मला लागलं. ती अगदी हळू म्हणाली, "माझं सगळं तुझ्यावर सोडलंय." तेव्हा कुठे मी भानावर आले. ओरडावंसं वाटलं, अगं बाई, मी ती नाही! पण पुस्तकाला कोणी उघडल्याशिवाय तोंड नसतं. आणि शपथेच्या वेळी गिलाफ उघडायची रीत नव्हती. बंद गिलाफावर हात ठेवायचा, बस.

तोराब मियांनी हात ठेवला. मला वाटलं होतं थरथरेल. छे! कोरडा, जड, निवांत हात होता. त्यांनी सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता सांगितलं. आश्विन, ओसरी, तीनदा तलाक.

 सगळे आता चटईकडे बघत होते. आंबिया रडेल, शिव्याशाप देईल असं मला वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, "किताबेवर हात ठेवून म्हणाले. म्हणजे झालंच असेल." मग स्वतःशीच, "माझ्या मांडीवर डोकं ठेवून मेला, आणि मला बोलला नाही."

कळलं का, मित्रांनो? घर गेलं, बाग गेली, त्याहून मोठं काहीतरी त्या क्षणी गेलं. तिचा मेलेला नवरा गेला. तिने मान्य केलं की हासमतने तिला टाकलं होतं.

त्याच संध्याकाळी तिचा भाऊ नाव घेऊन आला. मोयना घाटावर आईचा पदर धरून होती. तो सोडवायला दोन बायका लागल्या.

घरात पाहुण्यांची ये-जा चालू होती, त्यामुळे तोराब मियांना मला बाहेर काढायला सवड मिळाली नाही. दिवेलागणीला मोमेनाचं मन लागेना, म्हणून ती वजू करून किताब वाचायला बसली. नाडीला हात लावला आणि थबकली. गाठ तिची नव्हती. तिने गिलाफ उघडला, तर निळा पुठ्ठा. मी!

मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मी इतकी शरमले की पानं मिटून घेता आली असती तर आणखी घट्ट मिटली असती. तिला सगळं कळायला क्षणही लागला नाही. तेवढ्यात दारात सासरे उभे राहिले.

"बांध ते परत," तोराब मियां म्हणाले.

"आब्बा..."

"काशेम माझं ऐकतो, सूनबाई. आणि तलाक म्हणायला तीन श्वास पुरतात. तुला सहावा महिना चालू आहे. या दिवसांत माहेरी परत गेलेल्या पोरीच्या बापाला तोंड दाखवायला जागा राहत नाही. हे नॉव्हेल चुलीत घाल आणि किताब जागेवर ठेव."

मोमेनाने किताब शालीतून काढून गिलाफात ठेवली, नाडी बांधली. आपली ती दुहेरी गाठ मारली. चुलीत तिने जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा जाळला आणि मला ट्रंकेत, बाळासाठी शिवलेल्या गोधड्यांखाली दडवलं. मी वाचले. ती गप्प बसली. मला वाचवलं म्हणून तिचे आभार मानावेत की काय करावं, मला अजून कळलेलं नाही.

अकरा महिने गेले. मोमेनाला मुलगी झाली. गोधड्या एकेक करून वर गेल्या, तशी मी ट्रंकेत उघडी पडत गेले. ट्रंक उघडली की ती माझ्याकडे बघायची नाही. चाचपडून हवं ते काढायची आणि झाकण लावायची. आंबियाच्या बागेतल्या सुपाऱ्या आता एकाच अंगणात वाळत होत्या.

मोयना मोमेनाकडे कुराणातल्या आयती शिकायला बसायची. हुशार होती, भराभर पाठ करायची. एका सकाळी वाचन झाल्यावर तिने हात वर करून दुआ मागितली. मोमेनाने सहज विचारलं, "काय मागितलंस गं एवढं?"

"माझ्या आईला माफ कर म्हटलं."

"कशाबद्दल?"

"ती वाईट आहे ना? काकांनी किताबेवर हात ठेवून सांगितलं." मग मोयनाने गिलाफावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "भाबी, किताब कधी खोटं बोलत नाही ना?"

मोमेना म्हणाली, "नाही गं बाळा, किताब खोटं बोलत नाही."  ती उठली, ट्रंक उघडली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

तो शुक्रवारच होता. मशिदीतून पुरुष नमाज आटोपून बाहेर येत होते. मशिदीच्या तळ्याच्या काठावर मोमेना उभी होती, कडेवर लेक, हातात मी. बायका तिथे जात नसत. सगळे पाय थांबले.

"मोंशीसाहेब," ती म्हणाली. "त्या दिवशी गिलाफात किताब नव्हती. ही होती. कादंबरी आहे ही, माझी आहे. आब्बांनी हिच्यावर हात ठेवला. संध्याकाळी मी माझ्या हाताने गिलाफ सोडला, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि गप्प बसले."

"सूनबाईचं डोकं फिरलंय," तोराब मियां मोठ्याने म्हणाले. "बाळंतपणापासून तिला बाहेरचं वारं लागलंय. घरी जा, पोरी!"

कोणीतरी म्हणालं, मातब्बरांची सून असं उगीच कशाला बोलेल? दुसरा म्हणाला, बायकांच्या बोलण्यावर काय जायचं? गलका वाढला. मोंशी कोरबान अलींनी माझ्याकडे पाहिलं, मग तोराब मियांकडे. भल्या माणसाला उशिरा का होईना, कणा सापडतो. ते म्हणाले, "वाद कशाला घालायचा? मशिदीतली किताब आणतो. गिलाफ नाही, उघडी. मातब्बर, तुम्ही हात ठेवा आणि तेच शब्द पुन्हा बोला. सूनबाई खोटी ठरेल, विषय संपला."

लाकडी घडीच्या चौरंगावर किताब उघडून ठेवली. सगळे गोल उभे राहिले.

तोराब मियां एक पाऊल पुढे आले आणि थांबले. "माझा वजू मोडलाय," ते म्हणाले.

आत्ताच तर नमाज पढून बाहेर आले होते! तरी पाण्याचा लोटा आला. ते खाली बसले. तीनदा हात धुतले. तीनदा चूळ भरली. तोंड धुतलं, कोपरापर्यंत हात धुतले, डोक्यावरून ओला हात फिरवला, पाय धुतले.

"झालं ना, मातब्बर?"

"थांबा, हे कोपर कोरडं राहिलंय." आणि त्यांनी पुन्हा हातापासून सुरुवात केली.

लोटा संपला. दुसरा आणला. पुन्हा हात, पुन्हा चूळ, पुन्हा तोंड. दाढीतून पाणी ठिबकत होतं, कुडता छातीपर्यंत भिजला होता. तिसरा लोटा आला तेव्हा मागून एक म्हातारा नावाडी म्हणाला, "मियां, समोर अख्खं तळं आहे, त्यात उतरता का?"  तोराब मियां आता निम्मं पाणी बाहेरच सांडत होते. मग त्यांनी लोटा खाली ठेवला आणि मातीकडे बघत म्हणाले, "हासमत काहीच म्हणाला नव्हता."

मोंशी स्वतः नाव घेऊन आंबियाला आणायला गेले. घाटावर उतरली तेव्हा ती ओळखू येत नव्हती. भावाच्या घरी दुसऱ्यांचं भात कांडून तिचे हात सोलवटले होते. मोंशींनी वाटेत सगळं सांगितलं होतं, तरी घाटावर उभ्या असलेल्या मोमेनाला तिने पहिला प्रश्न तोच विचारला. "म्हणजे त्याने मला टाकलं नव्हतं?"

"नाही, चाची."

आंबिया घरी गेली नाही. मोयनाचा हात धरून आधी हासमतच्या कबरीवर गेली. तिथे मातीवर हात ठेवून मोठमोठ्याने रडली. "अकरा महिने मी तुला शिव्या घातल्या रे. तुझ्यासाठी एकदाही दुआ मागितली नाही." मोयनाने आईच्या पाठीवर हात ठेवला, मग काढला, मग पुन्हा ठेवला. अजून तिचा आईवर पुरता विश्वास बसला नव्हता. तो बसायला बरेच दिवस लागले.

घर मिळालं, बाग मिळाली. तोराब मियांनी अंगणात न्यायनिवाडा करणं सोडलं. काशेमने तलाक वगैरे काही म्हटलं नाही. सुट्टीत आला आणि बापाशी न बोलता परत गेला. गावातल्या काहींनी मला जाळायला सांगितलं. मोंशींनी मला चाळून पाहिलं आणि मोमेनाला विचारलं, "काय आहे यात?" ती म्हणाली, "आपलंच गाव आहे, मोंशीसाहेब." त्यांनी मला मुकाट्याने परत केलं.

चैत्रातल्या एका दुपारी आंबिया पान लावत बसली होती. ती मोमेनाला म्हणाली, "ज्याच्यावर माझी शपथ घेतली त्यात लिहिलंय तरी काय, वाच बघू मला." मग रोज दुपारी, मुरमुरे आणि खजुराचा गूळ पुढ्यात घेऊन, मोमेना वाचायची आणि आंबिया ऐकायची. मधेच म्हणायची, "हा तर अगदी मियाभाई!" कधी हसायची, पूर्वीसारखी मोठ्याने. मला बरं वाटायला लागलं होतं. वाटलं, माझी शरम आता धुतली जाईल.

शेवटचं पान आलं. भर सभेत बाई उभी राहते आणि खरं बोलते, ते पान. मोमेनाने वाचून संपवलं. आंबियाने मला हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने कागदावरून बोट फिरवलं. त्या पानावर कागद एका जागी सुरकुतलेला आहे, तिथे तिचं बोट थांबलं.

"हे काय गं?"

"पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रडले होते, चाची. शाळेत असताना. त्या बाईसाठी."

आंबियाने त्या सुरकुतीवरून पुन्हा बोट फिरवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"पुस्तकातल्या बाईसाठी रडलीस," ती म्हणाली. "आणि मी अकरा महिने दुसऱ्यांचं भात कांडत होते."

मोमेनाने मान खाली घातली. मीही घातली असती.  तिने मला तीनदा वाचलं होतं, आणि ते अकरा महिने मी तिच्याच ट्रंकेत होते. माझ्यात लिहिलेलं सगळं तिला पाठ होतं, आणि मला तर ते छापूनच दिलेलं होतं.

मित्रांनो, जुनी पुस्तकं जपा, त्यांना कव्हर घाला, कसर लागू देऊ नका, असं सांगून अशा गोष्टी संपवायच्या असतात. तेही करा, माझी काही ना नाही. माझी विनंती मात्र वेगळी आहे. माझ्यासारखं एखादं पुस्तक वाचताना तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, तर ते पुसून पान उलटायच्या आधी एकदा उठा. दार उघडून तुमच्याच अंगणात बघा, तिथे कोणी उभं आहे का.